डिस्क ब्रेकचा आवाज आणि थरथर : पॅड बदलण्याआधी या चुका टाळा

सिंहगडाचा डांबरी घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला की माझ्या माउंटन बाइकचे हँडल दोन्ही तळव्यांत थरथरू लागे आणि चिमट्यातून, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमधून, घर्र असा आवाज येई. मी आधी पॅड बदलले. आठवडाभरात थरथर परत आली म्हणून दुसऱ्या प्रकारचे पॅड आणले, आणि त्यानेही भागेना तेव्हा डिस्कच नवी बसवली. शेवटी दोष सापडला तो ब्रेकपासून हातभर अंतरावर, हेडसेटमध्ये, म्हणजे चिमटा फ्रेममध्ये जिथे फिरतो त्या सांध्यात. तिथला ढिलेपणा काढायला एक अ‍ॅलन की आणि पाच मिनिटे पुरली. ब्रेक दाबल्यावर त्रास होतो म्हणजे दोष ब्रेकमध्येच असणार, असे गृहीत धरणे ही या बाबतीतली पहिली आणि सर्वांत महागडी चूक आहे. बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

आवाज आणि थरथर या दोन तक्रारी आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. पॅड डिस्कवर घासताना क्षणभर चिकटतो आणि सुटतो, पुन्हा चिकटतो आणि सुटतो. ही क्रिया फार वेगाने झाली की डिस्क पातळ पत्र्यासारखी वाजते आणि कानाला कर्कश किंचाळी ऐकू येते. हीच क्रिया सावकाश झाली आणि चिमटा, हब (चाकाचा मधला तुंबा) किंवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) यांपैकी कोणताही भाग सैल असला, तर ते सगळे मिळून हलू लागतात आणि हाताला थरथर जाणवते. माझ्या अनुभवात किंचाळीचे मूळ बहुधा पॅडवर चढलेल्या तेलकटपणात असते आणि थरथरीचे मूळ कुठल्यातरी सैल बोल्टमध्ये. म्हणून थरथर असेल तर हातात आधी पाना घ्यावा, आणि नुसता आवाज असेल तर आधी स्वच्छ फडके घ्यावे.

थरथरीचाही ताल ओळखता येतो. २९ इंची चाकाचा एक फेरा साधारण २.३ मीटरचा असतो, म्हणजे ताशी १५ किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला दोनाहून थोडे कमी फेरे घेते. धक्के याच लयीत, सेकंदाला एक-दोन, दप् दप् असे येत असतील आणि वेग कमी झाल्यावर तेही सावकाश होत असतील, तर दोष डिस्कमध्ये आहे : ती वाकली आहे किंवा तिच्या एखाद्या भागावर पॅडचा थर जास्त बसला आहे. थरथर सलग, घर्रर्र अशी असेल आणि चाकाच्या फेऱ्याशी तिचा काही संबंध लागत नसेल, तर ढिलेपणा शोधावा.

ढिलेपणा शोधताना होणाऱ्या चुका

पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढे-मागे हलवून पाहणे ही परीक्षा सगळे करतात, पण ती अर्धवट करतात. ‘खट्’ असे जाणवले की हेडसेट सैल, असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात कॅलिपरमध्ये पॅड किंचित सरकण्याइतकी मोकळीक असतेच आणि सस्पेन्शनच्या नळ्यांतही थोडा खेळ असू शकतो, त्यामुळे नुसत्या ‘खट्’वर विसंबता येत नाही. फ्रेमची पुढची नळी जिथे संपते आणि चिमटा सुरू होतो, त्या सांध्याभोवती एका हाताची बोटे गुंडाळावीत आणि मग सायकल हलवावी. दोन भाग एकमेकांपासून सरकतात की नाही हे बोटांना स्पष्ट कळते. खात्री हवी असेल तर हँडल पूर्ण काटकोनात वळवून, ब्रेक दाबूनच, तीच हालचाल पुन्हा करावी. त्या स्थितीत पॅडची आणि सस्पेन्शनची मोकळीक फारशी आड येत नाही, आणि तरीही सांधा हलला तर दोष हेडसेटचाच.

तो आवळतानाही एक चूक हमखास होते. वरच्या टोपीचा बोल्ट जोर लावून फिरवला जातो आणि स्टेमचे, म्हणजे हँडल चिमट्याच्या नळीला जोडणाऱ्या तुकड्याचे, बाजूचे दोन बोल्ट मात्र घट्टच असतात. बाजूचे बोल्ट स्टेमला नळीवर धरून ठेवतात, त्यामुळे ते सैल केल्याशिवाय टोपीचा बोल्ट कितीही आवळला तरी ताण हेडसेटपर्यंत पोचत नाही; झालेच तर बोल्टचे आटे जातात. आधी बाजूचे बोल्ट सैल करावेत, मग टोपीचा बोल्ट खेळ जाईपर्यंत थोडा थोडा आवळावा, हँडल चाकाच्या रेषेत आणावे आणि शेवटी बाजूचे बोल्ट घट्ट करावेत. हँडल वळवताना जड लागले तर जास्त आवळले आहे असे समजावे.

यानंतर हब पाहावा. टायरला वरच्या बाजूने धरून चाक आडवे हलवले आणि ते डगमगले, तर छर्ऱ्यांची बैठक सैल झाली आहे. मग कॅलिपर. तो फ्रेमवर थेट बसवलेला असेल तर दोन बोल्ट तपासायचे असतात, पण मध्ये अ‍ॅडाप्टर असेल तर चार, आणि अ‍ॅडाप्टरचे दोन बोल्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. शिमानो कंपनीच्या कॅलिपरचे बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटर (आवळण्याचा जोर मोजण्याचे एकक) इतके आवळायचे असतात. डिस्क हबला सहा बोल्टांनी बसवलेली असेल तर तेही टी-२५ (ताऱ्यासारख्या टोकाच्या) पान्याने, समोरासमोरचे क्रमाने, तपासावेत. त्यांना शिमानोने २ ते ४ न्यूटन-मीटर इतकाच जोर सांगितला आहे, म्हणजे मनगटाचा हलका पीळ पुरतो. सेंटरलॉक प्रकारात सहा बोल्टांऐवजी एकच मोठी आट्यांची चकती डिस्क धरून ठेवते, तिला मात्र ४० न्यूटन-मीटर लागतात आणि तो जोर हाताच्या अंदाजाने क्वचितच साधतो.

क्विक रिलीजच्या, म्हणजे आसावरचा लिव्हर उघडून चटकन निघणाऱ्या, चाकाबाबत एक साधी गोष्ट सांगतो. सायकल भिंतीला टेकवून किंवा उलटी ठेवून चाक बसवले की ते खाचेत किंचित तिरके बसते, डिस्क कॅलिपरच्या मध्यातून सरकते आणि काल शांत असलेला ब्रेक आज घासू लागतो. सायकल दोन्ही चाकांवर सरळ उभी करून, हँडलवर थोडा भार देऊन मगच लिव्हर बंद करावा. कॅलिपर हलवून मध्य साधण्याच्या खटपटीला लागण्यापूर्वी एवढे करून पाहावे.

तेल : न दिसणारा शत्रू

किंचाळणाऱ्या ब्रेकवर तेलाचा थेंब सोडणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. कुरकुरणाऱ्या बिजागरीला, चेनला तेलाने आराम पडतो, हा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी असतो. पण डिस्क ब्रेकचे सारे काम घर्षणावर चालते आणि तिथे तेल म्हणजे थेट धोका आहे. आवाज एक-दोन दिवस बंद होईल, आणि उतारावर ब्रेकही लागणार नाही.

जाणूनबुजून तेल कोणी सोडत नाही तेव्हाही ते इतर वाटांनी येते. चेनवर स्प्रे मारताना त्याचे तुषार मागच्या डिस्कवर उडतात. वॉशिंग सेंटरवर दुचाकी चकचकीत दिसावी म्हणून जो स्प्रे मारतात तो सायकलवरही मारला जातो, आणि त्यानंतरच्या पहिल्याच उतारावर ब्रेक ओरडतो. डोक्याला लावलेले खोबरेल तेल बोटांवर असते आणि चाक काढताना आपण डिस्कलाच धरतो. फ्रेम पुसलेले ग्रीसचे फडके डिस्कवरूनही फिरते. यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच माणूस दोष भलतीकडे शोधत राहतो.

डिस्क पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. मोबाइल दुरुस्त करणारे सर्किट पुसायला जे वापरतात तेच. करोनाच्या काळापासून घरोघरी असलेले सॅनिटायझर त्याऐवजी वापरण्याचा मोह होतो, परंतु हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात बहुधा ग्लिसरीन घातलेले असते आणि त्याचा पातळ थर डिस्कवर राहतो. पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांचेही तेच. कोऱ्या, धुतलेल्या सुती कापडाने पुसावे आणि कापडावर काळा डाग उमटणे थांबेपर्यंत घडी बदलत राहावी.

पॅडमध्ये तेल मुरले असेल तर मात्र पुसून भागत नाही. रेझिनचा (राळेसारख्या द्रव्याने बांधलेला) पॅड सच्छिद्र असतो. पॉलिश पेपरने वरचा थर काढला की दोन दिवस बरे वाटते, पण पॅड तापला की आतले तेल पुन्हा वर येते. गॅसच्या आचेवर पॅड भाजण्याचा उपाय सांगितला जातो; त्याने घर्षणाचा थर पाठीमागच्या पत्र्यापासून सुटू शकतो आणि उतारावर तो निखळणे किती घातक आहे हे वेगळे सांगायला नको. असे पॅड टाकून द्यावेत. नवे घालण्यापूर्वी डिस्क नीट पुसावी, कारण तेलकट डिस्कवर बसवलेला कोरा पॅड पहिल्या दहा मिनिटांतच तेल पितो आणि मग दोष नव्या पॅडच्या माथी मारला जातो.

पॉलिश पेपरचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. लांब घाट उतरताना ब्रेक सतत हलका दाबून धरला की पॅड तापत राहतो आणि त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. पॅड बाहेर काढून उजेडात तिरका धरावा. चकाकला तर सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर आठाच्या आकड्यासारखा फिरवावा, एकसारखा मंद राखाडी रंग येईपर्यंत. उतरताना वळणाआधी ठामपणे ब्रेक लावून सोडून द्यावा, म्हणजे मधल्या काळात डिस्कला वारा लागून ती निवते.

नवे पॅड बसवले आणि थेट गडावर गेलो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर एकसारखा चढावा लागतो, आणि तो चढवण्याचे काम आपलेच असते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर मध्यम वेग घ्यावा, ब्रेक ठाम दाबून चालण्याच्या वेगापर्यंत यावे आणि सोडावा. असे वीस वेळा करावे, मग जरा जास्त वेगाने आणखी दहा वेळा. चाक जाम होऊ देऊ नये आणि पूर्ण थांबू नये. डिस्क तापलेली असताना ब्रेक दाबून उभे राहिले की त्याच जागी पॅडचा जाड ठसा उमटतो, आणि दर फेऱ्याला जाणवणारा तो दप् दप् धक्का अनेकदा याच ठशाचा असतो.

वाकलेली डिस्क बहुधा प्रवासात वाकते; टेम्पोत किंवा गाडीच्या डिकीत एकावर एक सायकली रचल्या की खालच्या सायकलीच्या डिस्कवर दुसरीचे पेडल टेकते. कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरून चाक फिरवले तर फट कुठे बुजते ते दिसते. तिथे खूण करावी आणि स्वच्छ पुसलेल्या पान्याने अगदी थोडा दाब देत डिस्क सरळ करावी, जशी चाकाची आऊट काढतात तशी, सावकाश. तापलेल्या डिस्कला हात लावू नये. शिमानोच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, साधारणपणे १.५ मिलिमीटर, त्याखाली गेलेली डिस्क सरळ करत बसण्यात अर्थ नाही. ‘फक्त रेझिन पॅड’ अशा अर्थाची सूचना काही डिस्कवर असते, तिकडे दुर्लक्ष करून धातूचे पॅड घातले तर डिस्क भराभर झिजते.

आपल्याकडच्या बऱ्याच कमी किमतीच्या माउंटन बाइकना केबलचे डिस्क ब्रेक असतात. त्यांतल्या बहुतेकांत फक्त बाहेरचा पॅड सरकतो आणि तो डिस्कला आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. आतला पॅड झिजला की डिस्कला जास्त वाकावे लागते, ती थरथरते, आणि चालवणारा केबल आवळत राहतो. आतल्या पॅडचा स्क्रू फिरवून तो डिस्कच्या जवळ, घासणार नाही इतपत, आणावा, केबल त्यानंतर.

पावसाळ्यात ओला ब्रेक ओरडतो ते मनावर घेऊ नये. दोन-चार वेळा दाबून डिस्क कोरडी झाली की तो गप्प होतो. पण आंबोलीच्या किंवा महाबळेश्वरच्या बाजूला जांभ्याच्या तांबड्या चिखलातून आल्यावर सायकल तशीच ठेवू नये, कारण त्यातली बारीक वाळू पॅडमध्ये रुतते. साध्या पाण्याने, जोराचा फवारा न मारता, कॅलिपर धुवावा. त्याच वेळी पॅडची जाडीही पाहावी : घर्षणाचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला असेल तर पुढच्या फेरीआधी तो बदलायलाच हवा. धातूवर धातू घासल्याचा खरखरीत आवाज आला की डिस्कही गेलीच.

हे सगळे करूनही नवे पॅड पंधरा दिवसांत पुन्हा तेलकट होत असतील, तर तेल बाहेरून येत नसून हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने चालणाऱ्या) कॅलिपरच्या आतून झिरपत असावे. पॅड काढावेत, पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनभोवतीचा भाग कोरडा पुसावा, पॅडच्या जागी स्वच्छ पुठ्ठ्याचा जाड तुकडा बसवावा आणि ब्रेकचा लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीने हँडलला रात्रभर बांधून ठेवावा. सकाळी पुठ्ठ्यावर ओलसर गोल डाग दिसला, तर पिस्टनचे सील (तेल अडवणारे रबरी कडे) गेले आहे. मग कॅलिपर दुरुस्त होईपर्यंत किंवा बदलेपर्यंत ती सायकल उतारावर नेऊ नये, आणि तेल भरून घेताना ब्रेकला मिनरल ऑइल लागते की डॉट फ्लुइड हे लिव्हरवरच्या अक्षरांवरून तपासून मगच मेकॅनिकच्या हाती द्यावी, कारण एकाच्या जागी दुसरे गेले तर नवे सीलही फुगून निकामी होते.