‘लोद’ आणि ‘लोथ’ वापरताना या चुका टाळा

इंग्रजीतील ‘लोद’ (loathe) हे क्रियापद मनापासूनचा तिटकारा सांगते, तर ‘लोथ’ (loath) हे विशेषण केवळ नाखुशी दाखवते. दोन्हींच्या स्पेलिंगमध्ये शेवटच्या ‘ई’ या एकाच अक्षराचा फरक असल्यामुळे लोकांचे अर्ज तपासताना हीच गल्लत मला सतत दुरुस्त करावी लागते.

एका शिक्षिकेला बदलीच्या आदेशानंतर ‘तिकडे जाण्यास माझे मन तयार होत नाही’ असे वरिष्ठांना नम्रपणे कळवायचे होते. त्यासाठी ‘आय ॲम लोथ टु गो देअर’ एवढे वाक्य पुरेसे होते. परंतु मोबाइलवर घाईने शब्द शोधून त्यांनी ‘आय लोद दॅट प्लेस’ असे लिहिले. दोन्ही शब्द इंग्रजीत असल्यामुळे स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीने काहीच हरकत घेतली नाही. साहेबांनी मात्र तो त्या गावाचा अपमान मानून लेखी खुलासा मागवला आणि घरातील आजारपणाचे खरे कारण बाजूलाच राहिले.

अशा वेळी मी शब्द मोठ्याने उच्चारून पाहते. ‘ब्रेथ’ म्हणजे श्वास आणि ‘ब्रीद’ म्हणजे श्वास घेणे. तेथेही शेवटी ‘ई’ आला की क्रियापद होते आणि ‘थ’चा उच्चार ‘द’कडे झुकतो. त्यानंतर मी पुढचा शब्द पाहते. ‘लोथ’पुढे बहुधा ‘टु’ येतो. ‘लोद’ला थेट कर्म लागते किंवा ‘आय लोद वेटिंग’ यातल्यासारखे ‘इंग’रूप लागते.

समानार्थी शब्दांच्या यादीतून सर्वांत भारदस्त शब्द उचलण्याची नवशिक्यांची घाई मला अजिबात मान्य नाही. ‘डिस्पाइज’मध्ये समोरच्याला तुच्छ लेखणे असते. ‘ॲभॉर’ हा शब्द भयाने शहारून मागे सरणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला असून तो क्रौर्य किंवा अस्पृश्यता यांसारख्या गोष्टींसाठी शोभतो. कारल्याची भाजी आवडत नसेल, तर ‘डोन्ट लाइक’ म्हणावे.

‘लोदसम’ या विशेषणात ‘ई’ गळतो. ‘ॲभॉरंट’ लिहिताना दोन ‘आर’ लागतात. ‘आय ॲम लोदिंग’ असे चालू काळातले रूप औपचारिक पत्रात लिहू नये.