जुना लॅपटॉप चार्ज होईना? नवी बॅटरी घेण्याआधी या चुका टाळा

पाच-सहा वर्षं वापरलेल्या लॅपटॉपचं चार्जिंग अडलं, की आपल्याकडं सोलापुरात माणूस सरळ नवी पेठेतला बाजार गाठतो आणि बॅटरी घेऊन येतो. घरी येऊन ती बसवली, तरी स्क्रीनच्या कोपऱ्यात पुन्हा तेच: ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’. मग दुकानदाराशी वाद सुरू होतो. बॅटरी वयानं थकते हे खरंच, पण भिंतीतल्या सॉकेटपासून बॅटरीपर्यंत वीज ज्या वाटेनं येते, त्या वाटेवर बिघडण्यासारख्या बऱ्याच जागा आहेत आणि बॅटरी त्यातली शेवटची. म्हणून तपासणी भिंतीकडून सुरू करायची आणि पैसे सगळ्यात शेवटी काढायचे.

सोलापुरात मात्र त्याच्याही आधी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे ऊन.

लिथियम-आयन बॅटरी साधारण 45 अंशांच्या पुढं तापली, की तिच्या आतलं सर्किट स्वतःच चार्जिंग थांबवतं. तो बिघाड नसतो, ते संरक्षण असतं. एप्रिल-मे महिन्यात बाहेरचा पारा 42-43 वर गेलेला असतो, पत्र्याच्या खोलीत दुपारी आणखी उकडतं, आणि त्यात लॅपटॉप गादीवर किंवा आपल्याच जाड चादरीवर ठेवलेला. खालून हवा घ्यायच्या जाळ्या सगळ्या बंद. अशा वेळी चार्जिंग तीस-चाळीस टक्क्यांवर अडलं तर नवल नाही. रात्री गारव्यात, टणक टेबलावर ठेवून, बंद अवस्थेत चार्ज करून बघा. तेव्हा नीट भरत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नका.

अशोक चौकाच्या बाजूची एक कॉलेजची मुलगी माझ्याकडं दुरुस्तीला लॅपटॉप घेऊन आली होती. “दादा, बॅटरी बदलून द्या. तीसच्या वर जाईनाच बघा.” घरी लूम, म्हणजे यंत्रमाग, आहेत का विचारलं, तर म्हणाली, “खालीच आहेत की, आम्ही वर राहतो.” मागचं झाकण काढलं. पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या नळीला जोडलेल्या पातळ पट्ट्या असतात, त्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर सुताच्या तंतूंचा करडा थर बसला होता. चिमट्यानं धरला तर कापडाच्या तुकड्यासारखा अख्खा निघून आला. पंखा फिरत होता, पण हवा बाहेर पडत नव्हती. ब्रशनं साफ करून चार्जिंगला लावला, तर त्याच बॅटरीवर तो शंभर टक्क्यांपर्यंत गेला. पूर्व भागात, एमआयडीसीजवळ किंवा टॉवेल-चादरीच्या कारखान्यालगत राहत असाल, तर पंख्याची सफाई वर्षातून दोनदा कराच. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं सोडलं तर जोरात फिरून बेअरिंग खराब होतं.

आता चार्जर. त्याच्या पाठीवरचे बारीक आकडे वाचायची सवय आपल्याला नाही. पिन बसली म्हणजे “चालतंय की” म्हणून लोक लावून टाकतात. 19.5 व्होल्ट आणि 3.34 अँपिअर लिहिलेला चार्जर साधारण 65 वॉटचा. त्याजागी 45 वॉटचा लावला तर लॅपटॉप चालू राहतो, पण काम करताना बॅटरी भरत नाही, उलट उतरते. व्होल्ट मूळ चार्जरइतकेच हवेत. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत. डेलच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉप चार्जरची ओळख पटवतो. ती सुई वाकली किंवा आतली तार तुटली, की लॅपटॉप सुरू होतो, पण मंद चालतो आणि चार्ज होत नाही. टाइप-सी वाल्यांनी मोबाइलच्या चार्जरवर भिस्त ठेवू नये. शिवाय दोन टाइप-सी पोर्ट असले तरी चार्जिंग दोन्हीतून होतंच असं नाही, दुसऱ्यात लावून बघा.

वायर विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागतो, मग लोक वायरीखाली वही सारतात, चिकटपट्टी लावतात. ही चूक महागात पडते. जॅक, म्हणजे लॅपटॉपमधली पिन बसायची जागा, सैल झाला की तिथं ठिणग्या उडतात, प्लास्टिक तपकिरी पडतं आणि शेवटी मदरबोर्डपर्यंत जळतं. जॅक बदलणं किंवा त्याला नव्यानं डाग देणं (सोल्डरिंग), हे काम वेळेवर केलं तर बॅटरीपेक्षा स्वस्तात होतं.

चार्जरची अर्थिंगची पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात घालू नका. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वायरमनला बोलावून घराची अर्थिंग तपासा. लाइट गेली की प्लग काढून ठेवा आणि परत आल्यावर थोडं थांबून लावा. चार्जर 100 ते 240 व्होल्टपर्यंत निभावतो, त्यामुळं कमी दाबानं त्याचं फारसं बिघडत नाही. त्याला मारतो तो लाइट येताक्षणीचा झटका.

चार्जिंग नेमकं 60 किंवा 80 टक्क्यांवर थांबत असेल, तर आधी कंपनीच्या अॅपमध्ये बघा. बॅटरी जपण्यासाठीची मर्यादा चालू असते आणि आपल्याला पत्ताच नसतो. लेनोव्होमध्ये तिला कन्झर्व्हेशन मोड म्हणतात. ही मर्यादा नसली तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा जोडा. आत अडकलेला चार्ज निघून जातो आणि बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं.

एवढं करून फरक पडला नाही, की मग बॅटरीची पाळी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाइप करून एंटर दाबा. तयार होणाऱ्या फाइलमध्ये ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे शोधा. पहिला 41,000 आणि दुसरा 16,000 असेल, तर बॅटरी चाळीस टक्क्यांच्याही खाली आली आहे. आता खुशाल बदला, आणि घेताना जुन्या बॅटरीवरचा मॉडेल नंबर व व्होल्टेज जुळवूनच घ्या.

एका बाबतीत मात्र क्रम पाळत बसू नका. टचपॅड वर उचललं गेलंय, क्लिक होत नाही, किंवा लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगतो, तर बॅटरी फुगली आहे असंच समजा. चार्जर लगेच काढा, लॅपटॉप बंद करा. दाबून बसवायचा किंवा टोचून हवा काढायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका, त्यानं आग लागते. काढलेली बॅटरी घंटागाडीतही टाकायची नाही. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळं नवी घेता तिथंच जुनी कुठं द्यायची ते विचारा. तोवर तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती उन्हापासून आणि मुलांच्या हातापासून लांब ठेवा.