आधी पक्षी, मग बंदुकीचा बार: फेझंटच्या शिकारीसाठी कुत्रं कसं तयार करावं

दर उन्हाळ्यात ओळखीपाळखीतून एखादा तरी फोन येतो. "लॅब्राडोर घेतलाय, आठ महिन्यांचा झालाय, ऑक्टोबरात फेझंटला न्यायचा विचार आहे. पण परवा त्याला बंदुकीचा आवाज ऐकवला तर तो गाडीखाली जाऊन बसला. आता काय करायचं?" अमेरिकेत मिनेसोटाच्या गवताळ माळांवर मी गेली पंधरा वर्षं फेझंटच्या, म्हणजे लांब शेपटीच्या या रानपक्ष्याच्या, मागे फिरतोय आणि या फोनला माझं उत्तर दरवेळी तेच असतं: तो आवाज ऐकवायलाच नको होता. निदान तेव्हा आणि तसा तरी नको होता.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेत, त्यातही मिनेसोटा आणि साउथ डकोटाच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी आहे. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात आजोबांनी हातात बंदूक दिली, काकांनी शेतावर नेलं, असं काही घडलेलं नसतं. म्हणून आपण कानावर पडेल तो पहिला सल्ला खरा मानतो. आणि शिकारी कुत्र्याच्या बाबतीत पहिला सल्ला बहुधा चुकीचा असतो.

परवाना आणि बंदूक

मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९नंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी बंदूक सुरक्षेच्या कोर्सचं प्रमाणपत्र लागतं. जन्म त्याआधीचा असला तरी कोर्स कराच. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद. म्हणजे मित्राची बंदूक हाताळण्याआधीही परवाना खिशात हवा. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, म्हणून मी प्रत्येकाला सांगतो.

पहिली बंदूक वीस बोअरची घ्या. छर्ऱ्याच्या बंदुकीत बोअरचा आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. बारा बोअरचा धक्का नवख्याला डोळे मिटायला शिकवतो. छर्रे स्टीलचेच घ्या, कारण पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या केंद्रीय जमिनींवर शिसं चालत नाही आणि फेझंटची उत्तम जागा नेमकी तिथेच सापडते.

कुत्रं

ज्याचे आईबाप दोघंही शिकारीला जातात त्या घरचं पिल्लू घ्या. रंग बघू नका. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर पक्ष्याचा वास लागला की पुतळ्यासारखा थांबतो आणि तुम्ही पोहोचेपर्यंत वाट बघतो. लॅब्राडोर किंवा स्प्रिंगर स्पॅनियल थांबत नाहीत, सरळ पक्षी उठवतात, म्हणून त्यांना बंदुकीच्या टप्प्यात, पंचवीस पावलांच्या आत ठेवावं लागतं. दोन्ही चालतात. फेझंट हा पळपुटा पक्षी आहे. १८८०च्या दशकात चीनमधून ओरेगनमध्ये आणून सोडलेला हा पक्षी इथल्या मक्याच्या शेतांत असा रुजला, की साउथ डकोटाने त्याला राज्यपक्षी केलं. पण उडण्यापेक्षा पायांवर त्याचा जास्त भरवसा आहे. छर्रा लागून पडलेला नर गवतातून शंभर पावलं पळून बिळात शिरतो. कुत्र्याशिवाय तो सापडत नाही, आणि जखमी पक्षी गवतात सोडून घरी येणं मला सहन होत नाही. कुत्रं हवं ते मुख्यतः यासाठी.

हुकूम तीनच पुरेत: ये, थांब, आण. माझी दोन्ही कुत्री मराठीतच शिकली. शब्द एकमेकांसारखे वाटता कामा नयेत, एवढंच पाहा, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरावेत. पंचवीस फुटांची दोरी गळ्यात बांधून रोज दहा मिनिटं. "ये" म्हटल्यावर ते आलं नाही तर दोरी ओढून आणा. दुसऱ्यांदा ओरडू नका. दोन महिन्यांत हे होतं. यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, पण यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते पुढचं.

बार

माझी पहिली कुत्री काळी लॅब्राडोर होती, नाव बिजली. आठ महिन्यांची असताना एका अनुभवी माणसाने मला सांगितलं, "रेंजवर ने, तासभर बसव, आपोआप सवय होईल." मी नेली. मातीच्या तबकड्या उडवून नेम साधणाऱ्यांची रांग होती, आणि आम्ही मागे पार्किंगमध्ये. पहिल्या बाराला तिने मान वळवली. दुसऱ्याला कान मागे गेले. तिसऱ्याला ती गाडीखाली होती आणि तिच्या तोंडातून लाळ गळत होती. मी तिला बाहेर ओढून काढलं, जवळ घेतलं, गोंजारलं आणि तिथेच बसून राहिलो, कारण तासभर बसवायचं असं सांगितलं होतं. त्यानंतर कपाटातून बंदुकीची पिशवी काढताना नुसती चेन सरकल्याचा आवाज आला तरी ती तळघरात पाणी तापवायच्या टाकीमागे जाऊन बसायची. मी दोन वर्षं प्रयत्न केले. ती बारा वर्षं जगली, एकदाही माळावर आली नाही. त्यात तिचा काही दोष नव्हता.

दिवाळीत पलंगाखाली शिरलेलं कुत्रं आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याला दरवर्षी फटाके ऐकू येतात, म्हणून त्याची भीती दरवर्षी कमी होते का? उलट वाढते. मोठ्या आवाजाची सवय नुसत्या आवाजाने होत नाही. कुत्र्याच्या मनात त्या आवाजाला अर्थ हवा, आणि तो अर्थ एकच: पक्षी. बार झाला म्हणजे जगातली सगळ्यात आवडती गोष्ट कुठेतरी जवळ आहे. हे नातं आधी जुळलं पाहिजे. म्हणून जेवताना भांडी आपटू नका, टाळ्या वाजवू नका, चार जुलैच्या आतषबाजीला बरोबर नेऊ नका. भांडं आपटल्यावर काही कुत्री जेवण सोडतात, मग एकाच्या जागी दोन दुखणी होतात.

मी आता काय करतो ते सांगतो.

पिल्लू पाचएक महिन्यांचं झालं की त्याला पाळीव कबुतरं दाखवायची. जिवंत. पहिल्या दिवशी पंख बांधलेलं कबूतर गवतात ठेवायचं, पिल्लाला ते आपलं आपण सापडू द्यायचं. मग उडणारं कबूतर, आणि पिल्लाने त्याच्यामागे पाहिजे तितकं धावायचं. या काळात "थांब" नाही, "ये" नाही, दोरी नाही, म्हणून मोकळं आणि रस्त्यापासून लांबचं रान निवडा. फेझंटचा जिवंत नर मात्र पिल्लापुढे टाकू नका. त्याच्या पायाची आरी नाकावर बसली तर पिल्लू पक्ष्यालाच घाबरायला लागतं. असं पंधरा-वीस वेळा करायचं. तुम्ही हाक मारताय आणि पिल्लाला ती ऐकूच येत नाही, ते शेपटी ताठ करून कबुतरामागे जातंय, हे डोळ्यांनी दिसेपर्यंत बंदूक घरातच राहिली पाहिजे. सहा महिने लागोत, नऊ लागोत. घाई करणाऱ्याला माझा सल्ला असतो, की या मोसमात कुत्र्याशिवाय जा.

मग दुसरा माणूस बोलवा. एकट्याने हे करता येत नाही, कारण ज्याच्या हातात पिस्तूल असतं त्याचं लक्ष पिस्तुलाकडे असतं आणि आपल्याला लक्ष ठेवायचंय ते कुत्र्यावर. पिस्तूल पॉइंट टू टू बोअरचं, कमी आवाजाच्या कोऱ्या, म्हणजे गोळी नसलेल्या, काडतुसांचं. मदतनीस शंभर पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा राहील. म्हणजे वारा आधी कुत्र्यावरून जाईल आणि मग त्याच्याकडे. तसं असलं की आवाज कुत्र्यापर्यंत बोथट होऊन पोहोचतो. शिवाय कुत्रं वाऱ्याला तोंड देऊन पक्षी शोधत असतं, त्यामुळे आवाज पाठीमागून येतो. पिस्तुलाचं तोंड कुत्र्याकडे कधीही नाही. नळीच्या पुढच्या बाजूला आवाजाचा मारा मागच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

कबूतर उडालं, पिल्लू सुसाट सुटलं, की तुम्ही हात वर करायचा. मदतनीस एक बार काढेल. एकच. आता पिल्लाकडे बघा. त्याच्या धावण्यात काहीच फरक पडला नाही तर झालं. दहा मिनिटं जाऊ द्या, पुन्हा एकदा तसंच, आणि घरी चला. तिसरा बार काढायचा मोह होतो, कारण सगळं छान चाललेलं असतं. काढू नका.

एक कान मागे गेला, पाऊल अडखळलं, क्षणभर वळून तुमच्याकडे बघितलं, तर तो इशारा आहे. माणूस इथे हमखास चुकतो, मीही चुकलो होतो: आपण कुत्र्याला जवळ घेतो, "नाही रे बाळा, काही नाही" म्हणतो. काहीतरी वाईट झालं खरं, हे त्याला आपल्या आवाजावरून कळतं. तसं करू नका. काहीच घडलं नसल्यासारखे चालत राहा, बार न काढता अजून एक कबूतर उडवा, त्यामागे त्याला मनसोक्त धावू द्या आणि तिथेच थांबा. पुढच्या वेळी अंतर दुप्पट करा. ते पक्ष्यामागे धावायचंच सोडून तुमच्या पायांशी आलं, तर महिनाभर बाराचं नावच काढू नका, फक्त पक्षी.

सगळं सुरळीत चाललं तर दर खेपेला दहा-दहा पावलं जवळ या. आठवड्यात दोन खेपा धरल्या तर महिना-दीड महिन्यात मदतनीस वीस पावलांवर येतो. तिथे पिस्तूल ठेवा, वीस बोअर घ्या आणि पुन्हा शंभर पावलांवर जा. हो, पुन्हा पहिल्यापासून. पिस्तूल आणि बंदूक यांच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि बहुतेक जण इथेच पाय घसरून पडतात. "पिस्तुलाला घाबरला नाही ना, मग झालं" असं म्हणतात. झालेलं नसतं.

माझी आत्ताची कुत्री, शॉर्टहेअर्ड पॉइंटर, या रस्त्याने आली. आज पिशवीची चेन सरकली की ती दाराशी जाऊन उभी राहते आणि तिचा मागचा एक पाय थरथरत असतो. हा आनंदाचा थरथराट आहे. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला बिजली आठवली आणि मी तिथेच खाली बसलो.

पहिला मोसम

पहिल्या वर्षी तुम्ही, कुत्रं आणि एक बंदूक. साउथ डकोटात मोसम उघडताना आठ-दहा जण रांग धरून मक्यातून चालतात आणि एकदम पंधरा बार होतात. तिथे पहिल्या वर्षीचं कुत्रं नेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. मोसम उघडल्यावर दोन आठवड्यांनी, कामाच्या दिवशी, सरकारी रानावर जा. मिनेसोटात सकाळी नऊला सुरू करता येतं, साउथ डकोटात दहाला. वारा तोंडावर घेऊन चाला, गाडीचं दार आपटू नका.

नर तेवढेच मारायचे. तपकिरी मादीला हात लावायचा नाही. नर उठताना कर्कश ओरडतो, गळ्यात पांढरी कडी असते, शेपूट लांब. सूर्य समोर असेल तर रंग दिसत नाही. दिसला नाही तर बार नाही. आणि पक्ष्याच्या खाली आभाळ दिसल्याशिवाय चापावर बोट नाही. गवताच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या पक्ष्यामागे तुमचंच कुत्रं उडी मारत असतं. या मोसमात असे अपघात होतात, आणि ज्याच्या हातून झाला तो माणूस पुन्हा बंदूक उचलत नाही. पहिल्या वर्षी मी म्हणेन, पक्षी कुत्र्याने उठवला असेल तरच मारा. कुत्र्याने काही केलं नसताना आपोआप उठलेला कितीही सोपा असला तरी जाऊ द्या. बार, पक्षी आणि स्वतःचं नाक यांचा संबंध त्याला लागू दे.

मिनेसोटात नोव्हेंबर संपेपर्यंत दिवसाला दोन नर, १ डिसेंबरपासून तीन. साउथ डकोटात तीन. नियम दरवर्षी नव्याने वाचा. घरी नेताना नर ओळखता येईल असं डोकं, पाय किंवा पिसांसकट पंख अंगावर राहू द्या. आतडी रानातच काढा. मांसात चरबी नाही, म्हणून छाती झटपट तव्यावर. मांड्यांत शिरा फार, त्यांना सुक्या खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर दोन तास द्या.

जेवणाआधी कुत्र्याकडे बघा. दिवा लावा, त्याला कुशीवर झोपवा आणि गवताची कुसळं शोधा: बोटांच्या मधे, काखेत, कानात, पापणीच्या आत. कुसळाला उलटे काटे असतात; ते आतच सरकत जातं, मागे येत नाही. पापणी अंगठ्याने उलटून बघा आणि डोळे मिठाच्या पाण्याच्या तयार बाटलीने धुवा. दुसऱ्या दिवशी कुत्रं शिंकत राहिलं किंवा एक पंजा सारखा चाटत राहिलं, तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या.