बीज सोडता की मरळीला जेवण घालता? तलावात मत्स्यबीज सोडताना या चुका टाळा

"दोन लाख बीज सोडलं, पण कटला मासा दिसेना. जाळ्यात नुसती चिलापी, न सोडता माजणारा मासा." दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मच्छीमार संस्थेचं हेच रडगाणं. मी एकच विचारतो, बीज केवढं होतं?

मग कळतं, स्वस्त पडतं म्हणून इंच-दीड इंचाचं आणलेलं. मरळ, शिंगाळा हे शिकारी मासे आणि पाणकावळा यांना आयती पंगत! आकडा मोठा दिसावा म्हणून पैसे घालायचे आणि पुढच्या वर्षी नशिबाला बोल लावायचा. मी चार इंचांखालची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) मोठ्या तलावात सोडतच नाही. लहान बीज आणलंच, तर शेततळ्यात नाहीतर हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) दोन-तीन महिने पोसतो. नव्या पोरांना तेवढा दम नसतो.

दुसरी खोड समारंभाची. 10 जुलै 1957 ला ओडिशातल्या अंगुलमध्ये हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी इंजेक्शन देऊन कार्पचं (कटला, रोहूच्या गटातल्या माशांचं) प्रजनन यशस्वी केलं, म्हणून तो मत्स्यशेतकरी दिन. एका वर्षी आम्हीही त्या मुहूर्तावर बीज सोडायचं ठरवलं. मागच्या हंगामातली, चांगली बोटाएवढी बोटुकली होती. टेम्पो सकाळी सातला तलावावर, पाहुणे आले दीडला. पावसाने उघडीप दिलेली, ऊन रणरणतं. पिशव्या हाताला गरम लागत होत्या. हार झाले, भाषणं झाली आणि फोटोसाठी पिशव्या धडाधड पाण्यात उपड्या केल्या. मासे पोहत गेले, टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी सगळा काठ पांढरा आणि त्यावर कावळे.

तेव्हापासून पाहुण्यांना रिकामी पिशवी देतो. बीज मी उजाडायच्या आत सोडतो. बंद पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायच्या, मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं, शेवटी पिशवी आडवी करायची. मासा आपणहून निघतो. पिशवी झटकणाऱ्याला मी काठावरून हाकलतो.

तलाव भरून सांडवा वाहायचा थांबल्याशिवाय बीज सोडू नका, नाहीतर खालच्या गावाची चंगळ.

सगळं एकाच घाटावर ओतू नका.

वाहतुकीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद. भरल्या पोटी मासे पिशवीतलं पाणी घाण करतात.

बीज वाटीने मोजून देतात, ती मोजणी समोर उभं राहून करून घ्या. वाटीत पाणी किती आणि बीज किती, ते बघा. मी कुठलीही एक वाटी मध्येच थांबवून मोजतो. विकणाऱ्याला राग आला तर समजून जायचं.

आणि बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, जाळी नकोच! ऑगस्टात सोडलेली बोटुकली दिवाळीला बाजारात विकणाऱ्यांनी मला फोन करू नये.