प्रलंबित अर्ज कमी करायचे: एका वेळी एकच बदल

सरकारी कार्यालयात ज्या सेवेचे अर्ज रोज येतात तीच आधी घ्या. वर्षाला वीस अर्ज येणाऱ्या सेवेत केलेला बदल फळला की नाही, हे कळायलाच वर्ष जाईल.

कशालाही हात लावण्याआधी मोजणी. नुकत्याच निकाली निघालेल्या सलग 30 अर्जांच्या चार तारखा उतरवा: आवक, टेबलावर पहिली तपासणी, सहीसाठी सादर, अर्जदाराच्या हाती. एकूण लागलेले दिवस चढत्या क्रमाने लावा आणि 15वा व 27वा आकडा बघा: निम्मे अर्ज 15व्या आकड्याइतक्या दिवसांत निघतात, दहापैकी नऊ 27व्या. सरासरीच्या नादी लागू नका. दोन जुन्या फायली ती बिघडवतात. नागरिक चिडतात ते 27व्या आकड्यावर. ढोबळ अंदाज आणखी सोपा आहे: 240 प्रलंबित आणि रोज 12 निकाली, म्हणजे आज आलेल्या अर्जाला कामाचे साधारण 20 दिवस. प्रत्यक्ष काम बहुतेकदा काही मिनिटांचंच असतं, बाकीचे दिवस फाईल नुसती पडून असते. ती कुठे पडते, तिथेच बदल करा.

समजा, निम्मे अर्ज त्रुटीसाठी परत जातात. मग अर्ज घेतानाच खिडकीवर कागद तपासायचे. अपेक्षा आधीच लिहून ठेवा: ‘परत जाणारे 10 पैकी 5 वरून 2 वर येतील.’ नंतर लिहिलेली अपेक्षा नेहमीच खरी ठरते! बदल एकाच खिडकीवर, दोन आठवडे. बाकीच्या जुन्याच पद्धतीने चालू द्या, म्हणजे तुलना करता येईल. आदेशात ‘प्रायोगिक’ शब्द आणि शेवटची तारीख हवीच. पात्रता, शुल्क, अपिलाचा हक्क यांवर प्रयोग नाही.

आठवड्याला वीस मिनिटं बसा, खिडकीवरच्या कर्मचाऱ्यासह. निर्णय तीनच: ठेवा, सुधारा, सोडा. कारणासकट नोंदवहीत लिहा आणि बदली झाली की ती वही कार्यभाराबरोबर सोपवा. नाहीतर नवे साहेब फसलेलाच प्रयोग पुन्हा करतात.

सगळ्यात मोठी फसगत आकड्यांची. मुदत संपत आली की किरकोळ त्रुटी काढून अर्ज परत पाठवला जातो, पुन्हा आला की नवा आवक क्रमांक पडतो आणि कागदोपत्री सगळं वेळेत! म्हणून जुनाच क्रमांक चालवा, दिवस पहिल्या तारखेपासून मोजा. दुसरी फसगत अशी, की तपासणी झपाट्याने होते आणि गठ्ठा सहीच्या टेबलावर साचतो. तेव्हा पुढचा प्रयोग त्या टेबलावर.