फ्रेंड्स संपल्यावर 'जोई' कशी बघायची

फ्रेंड्स या सहा मित्रमैत्रिणींच्या अमेरिकन विनोदी सिरीयलचा शेवटचा एपिसोड संपला की दोन-तीन दिवस अगदी चुकल्याचुकल्यासारखं होतं आणि मग कोणीतरी सांगतंच की अगं, त्या सहातल्या जोईची वेगळी सिरीयल आहे की, ती लाव. मी त्याच रात्री लावली आणि तिसऱ्या एपिसोडला बंद केली. वर्षभराने परत लावली तेव्हा कुठे नीट बघता आली, म्हणून सांगते.

पहिलं म्हणजे लगेच लावू नका. अमेरिकेतल्या एनबीसी चॅनेलने नेमकं तेच केलं होतं. ६ मे २००४ ला फ्रेंड्स संपलं, अमेरिकेत ५ कोटींहून जास्त लोकांनी तो शेवट बघितला आणि ९ सप्टेंबरला त्याच चॅनेलवर, त्याच गुरुवारी रात्री ८ ला जोई सुरू, म्हणजे लोकांची सहा जणांची सवय सुटायच्या आतच एकटा जोई समोर. तुम्ही मध्ये महिनाभर तरी दुसरं काहीतरी बघा.

मग सुरू करायच्या आधी फ्रेंड्सच्या शेवटच्या भागातला फूसबॉल टेबलचा (टेबलावर खेळायच्या फुटबॉलचा) सीन तेवढा परत बघा. कोंबडीचं आणि बदकाचं पिल्लू टेबलात अडकलंय, टेबल फोडल्याशिवाय निघणार नाहीत, आणि जोई आणि त्याचा जिवलग मित्र चँडलर दोघांचाही हात धजत नाही, शेवटी चँडलरची बायको मोनिकाच पुढे होते. एका जुन्या टेबलासाठी जोईचा जीव का तुटतोय हे समजायला शेजारी चँडलर उभा आहे, काही बोलायची गरजच नाही. माझ्या मते जोईचा वेडेपणा गोड वाटायचा तो यामुळे, तो काहीही बोलला तरी झेलायला पाच जण होते.

आता नवी सिरीयल बघताना जोईकडे कमी आणि त्याच्या समोर कोण उभं आहे तिकडे जास्त लक्ष द्या. लॉस एंजेलिसला बहीण जीना आहे (ड्रिया डी मॅटेओ), तिचा हुशार पण लाजाळू मुलगा मायकल जोईकडे राहायला येतो, शेजारी वकील अॅलेक्स आणि एजंट बॉबी म्हणजे जेनिफर कूलिज. बॉबीचे सीन अजिबात सोडू नका, ती आली की जोईला परत कोणीतरी तोडीस तोड मिळतं. मायकलबरोबर जोई पहिल्यांदाच घरातला मोठा माणूस होतो, ही कल्पना मला मनापासून आवडली होती, पण ती धरून ठेवली नाही आणि जोई हळूहळू नुसता केविलवाणा दिसायला लागला याचं खरंच वाईट वाटतं, कारण जोई झालेला मॅट लब्लांक सगळा जीव ओतून काम करतो.

नेमकं काय कमी पडलं हे बघायचं असेल तर मध्येच फ्रेजर या सिरीयलचे दोन-तीन भाग लावा. तीही स्पिन-ऑफच, म्हणजे जुन्या सिरीयलमधल्या एका पात्राची वेगळी सिरीयल; मूळची चिअर्स १९९३ ला संपली आणि त्याच वर्षी ही आली, ११ सीझन चालली. फ्रेजरला बोस्टनहून सिअॅटलला नेलं पण घरात निवृत्त पोलीस बाप आणून बसवला आणि त्याच्याहून जास्त चोखंदळ भाऊ दिला, त्यामुळे रोज काहीतरी वाजणारच. जोईला नवं शहर दिलं, घर दिलं, पण अशी जिवाभावाची खुमखुमी कोणाशीच नाही.

जोईचे एपिसोड एकूण ४६. पहिला सीझन २४ भागांचा, तो ओळीने बघा. दुसऱ्यात कंटाळा आला तर खुशाल सोडा, अमेरिकेतही ७ मार्च २००६ नंतर उरलेले ८ भाग दाखवलेच नाहीत.

आणि मग लब्लांकची एपिसोड्स नावाची सिरीयल लावा, त्यात तो मॅट लब्लांकच झालाय आणि २०१२ ला त्याला त्यासाठी गोल्डन ग्लोब मिळाला. पहिला सीझन फक्त ७ भागांचा आहे, एका रविवारी होतो.