घराचा भूखंड विभागताना या चुका टाळा

नोंदणीकृत वाटपपत्र झाले, मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) दोन्ही भावांची नावे लागली, म्हणजे भूखंडाचे दोन भूखंड झाले, असे बहुतेक कुटुंबे धरून चालतात. वास्तविक वाटपपत्राने हक्क विभागले जातात. जमिनीची उपविभागणी मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार ‘विकास’ या व्याख्येतच मोडते, त्यामुळे तिला नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे महापालिका, नगरपरिषद अशा संस्थेची, स्वतंत्र मंजुरी लागते. ही उणीव लगेच टोचत नाही. काही वर्षांनी धाकटा भाऊ घराचा नकाशा दाखल करतो आणि उपविभागणी मंजूर नसल्याच्या कारणाने प्रकरण परत येते, तेव्हा ती समोर येते. दोन वीजमीटर आणि दोन घरपट्ट्या दाखवून तिथे काहीही साध्य होत नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक रस्त्याची. समजा, भूखंड १२ मीटर रुंद आणि २५ मीटर खोल, म्हणजे ३०० चौरस मीटर आहे आणि रस्ता केवळ १२ मीटरच्या बाजूला आहे. ‘पुढचा तुझा, मागचा माझा’ अशी वाटणी केली, तर मागच्या भागाला पोहोचमार्गच उरत नाही. पुढच्या भागातून तीन मीटरची वाट काढली, तर ३७.५ चौरस मीटर जागा जाते आणि एवढ्या अरुंद वाटेवर मंजुरी मिळेलच याची खात्री नसते. मुंबई महापालिकेचे क्षेत्र व काही अपवाद वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार निवासी अभिन्यासातील (लेआउटमधील) अंतर्गत रस्ता सर्वसाधारणपणे ९ मीटरपासून सुरू होतो. तेवढा रस्ता सोडला, तर पुढच्या भावाच्या वाट्याला तीन मीटर रुंदीची पट्टी राहील. उभी विभागणी केल्यास दोघांनाही रस्ता मिळतो, पण रुंदी सहा मीटरच राहते, आणि बाजूला दीड मीटर जरी मोकळा सोडावा लागला, तरी घरासाठी साडेचार मीटर उरतात. म्हणून वाटपपत्राचा मसुदा वकिलाकडे जाण्याआधी वास्तुविशारदाकडून दोन्ही भागांत नियमात बसणारे घर उभे राहते का, हे काढून घ्यावे. जुने घर तसेच ठेवायचे असेल, तर नव्या हद्दीपासून त्याचे सामासिक अंतर (बांधकामाभोवती मोकळी सोडायची जागा) आणि त्याच्या वाट्याला उरलेल्या जागेवरील चटईक्षेत्र (एफएसआय) हेही तपासावे लागते. नवी हद्द स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून जात असेल, तर ती कागदावर कितीही सरळ दिसली तरी उपयोगाची नाही.

मोठ्या जागेचा हिशेब निराळा असतो. क्षेत्र ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असल्यास सर्वसाधारणपणे १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जुन्या अभिलेखातील क्षेत्र डोळे झाकून दस्तात उतरवणे. पत्रिकेवर ३०० चौरस मीटर असते, जागेवर शेजाऱ्याचे कुंपण आत आलेले असते, आणि दोघांना १५० देण्याचा करार झालेला असतो. कमी भरलेली जागा कोणाच्या वाट्यातून जायची, हा वाद मग थेट दिवाणी न्यायालयात पोहोचतो. त्यामुळे भूमि अभिलेख उपअधीक्षकांकडे आधी हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा, मंजूर नकाशानंतर पोटहिस्सा मोजणी, म्हणजे प्रत्येक हिश्शाची स्वतंत्र मोजणी, करून घ्यावी आणि त्या मोजणीतील आकडेच दस्तात लिहावेत. एवढा क्रम पाळला, तरी निम्मी भांडणे टळतात, असे आमचे मत आहे.

बहिणींची सही ‘नंतर घेऊ’ म्हणून राहून जाते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच हक्क मिळाला असून, वडील त्या वेळी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. बहिणीला हिस्सा नको असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्यावे. तोंडी होकार किंवा साध्या कागदावरची संमती येथे चालत नाही. जागेवर कर्ज असल्यास बँकेचे, आणि ती भाडेपट्ट्याची असल्यास पट्टा देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र आधीच मिळवावे. भोगवटादार वर्ग-२ च्या, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेल्या, जमिनीला सक्षम महसूल अधिकाऱ्याची परवानगी लागते. मूळ खरेदीच शेतजमिनीतील गुंठ्यांची असेल, तर शेतजमिनीचे लहान तुकडे करण्यावर निर्बंध घालणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो. अशा वेळी गुंठेवारी (मंजुरीविना पाडलेले लहान भूखंड) नियमाधीन होते का, हे पाहिल्याशिवाय विभागणीचा विचार करू नये.

दस्त आधीच होऊन गेला असेल, तर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांनी आता उपविभागणीचा प्रस्ताव दाखल करता येतो. मंजूर हद्दी दस्तातील हद्दींहून वेगळ्या निघाल्या, तर त्यानुसार दुरुस्ती लेख किंवा पुरवणी दस्त नोंदवावा. त्यासाठी मुद्रांक शुल्क किती पडेल, हे क्षेत्रात खरोखर बदल होतो की केवळ वर्णन सुधारते यावर अवलंबून असल्याने ते आधी विचारून घ्यावे. शेवटी नव्या मिळकत पत्रिका हाती आल्यावर त्यांवरील क्षेत्रांची बेरीज करावी. ती, रस्त्यासाठी सोडलेली जागा धरून, मोजणीतील एकूण क्षेत्राशी जुळली नाही, तर तफावत त्याच वेळी लेखी कळवावी.